अव्वल दर्जाचा एलिचपुरी पैसा

तांब्याचा जुना पैसा खरा की खोटा, हे मलकापुरात सांगावं तर रहेमतुल्ला तांबटानंच. पैसा फरशीवर टाकून हा कान देणार, कड बोटानं चाचपणार, आणि मग जिभेला लावणार. या शेवटच्या प्रकाराला त्याची बायको नूरबी भारी वैतागायची. "कुठं कुठं फिरून आला असंन तो, अन् तुम्ही त्याले चाटून राह्यले," म्हणायची. पण पार जळगाव जामोदपासून लोक यायचे, आणि रहेमतुल्लाच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

त्या वर्षी साखरखेर्ड्याला विहीर खणताना जुन्या पैशांनी भरलेला हंडा निघाला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं त्यातले पैसे पारखून निवडायचं काम भगवंतराव वकिलांवर सोपवलं. नाणी जमवण्याचा त्यांना मोठा शौक. त्यांना हाताखाली एक पारखी हवा होता. इकडे साठी उलटलेल्या रहेमतुल्लाला भाता ओढताना धाप लागायची, त्यामुळे बसून करायचं हे काम त्याला मनापासून हवं होतं. वकिलांनी त्याला परीक्षेला बोलावलं.

समोर चार पैसे मांडले. तीन त्यानं चुटकीसरशी सांगितले. चौथा हातात घेतला अन् म्हाताऱ्याला दरदरून घाम फुटला. एलिचपूर टांकसाळीचा म्हणून मिरवणारा तो पैसा त्यानं स्वतःच पाडलेला होता, विशीत असताना. काम शिकवणाऱ्या उस्तादानं 'हुबेहूब जुन्यासारखा पैसा तुला जमायचा नाही' अशी पैज लावली, म्हणून यानं ठसा कोरला, पैसा पाडला, सहा महिने उकिरड्यात पुरून हिरवा केला आणि पैज जिंकली. पैसा उस्ताद घेऊन गेले. पुढं उस्ताद वारले, आणि पैसा कोणाकोणाच्या हातून फिरला, देव जाणे.

"माझ्या संग्रहातली सगळ्यात लाडकी वस्तू," वकील कौतुकानं म्हणाले.

खोटा म्हणावं तर वकील दुखावणार आणि काम जाणार.

"असली हाये," रहेमतुल्ला म्हणाला. पैशाच्या बाबतीत खोटं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ. त्याला स्वतःची लाज वाटली.

"दर्जा?"

"अव्वल."

वकिलांनी भिंग लावलं. "छे हो. तिसरा." पैसा ठेवायच्या पुडीवर तसं लिहूनही टाकलं. "अक्षरं बघा कशी आहेत. ठसा कोरणारा अगदीच ठोंब्या असणार."

आता काम पदरात पडत होतं. बसावं ना बापा गप. पण नाही.

"ठोंब्या काऊन म्हणता, वकीलसाहेब?" रहेमतुल्ला उसळलाच. "एक रेघ तरी वाकडी हाये का? तीन महिने कोरत बसलो होतो मी हे."

बोलून गेला, आणि मग सगळं सांगावंच लागलं. वकील रागावले नाहीत, मिशीत हसले.

"आठ दिवस घ्या. असाच दुसरा पाडून दाखवा. हिरवा नसला तरी चालेल."

आठ दिवस रहेमतुल्लानं चष्मा चढवून जीव ओतला. पण हात आता विशीतला नव्हता. छिन्नी सरकायची, रेघ फाटायची. नवा पैसा जुन्याशेजारी ठेवला तेव्हा त्याची त्यालाच मान वर करवेना.

वकिलांनी दोन्ही पैसे भिंगाखाली धरले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघितलंत? तुमच्या हातून हे होणंच शक्य नाही. हे टांकसाळीतल्या एखाद्या कसबी उस्तादाचं काम आहे. माझंच चुकलं." त्यांनी पुडीवरचा 'तिसरा' खोडला आणि ठसठशीत 'अव्वल' लिहिलं. मग चष्म्यावरून पाहिलं. "पण रहेमतुल्लाभाई, असल्या थापा मारणारा माणूस सरकारी कामाला मी कसा नेऊ?"

घरी नूरबी दारातच उभी होती. "भेटलं का काम?"

"नाही." त्याला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. पण त्याहून दुप्पट आनंद झाला होता, आणि तो काही केल्या लपेना. "पण अव्वल दर्जा भेटला मले. वकिलानं सोता लिहून देल्ला."