तिसरा डबा

वीरभद्रप्पा शेंगावाल्यांनी लॉरी घेतली तेव्हा नवी पेठेतल्या निम्म्या लोकांनी तिला हार घातले आणि उरलेल्या निम्म्यांनी नावं ठेवली. लॉरी दुसऱ्याच्या हातची होती. विकणाऱ्या कंत्राटदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की ही पोरगी दोन डबे पेट्रोलात सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन परत येते. त्या भरवशावर अप्पांनी बैल विकले, गाड्या विकल्या, आणि बारा वर्षं पदरी असलेल्या धोंडीराम गाडीवानाला मोटार शिकायला धाडलं. धोंडीराम महिन्यात शिकून आला. त्यानं खाकी कोट शिवला, लायसन काढलं, आणि लॉरी अक्कलकोटहून शेंगांची पोती आणू लागली. फक्त तिला दोन नाही, तीन डबे लागत.

आता सोलापुरात शेंगांची चटणी आणि फुकटचा सल्ला कुणाच्या घरी कमी नाही. समोरचा सराफ म्हणाला, टाकीला भोक असणार. शेजारचा कापडवाला म्हणाला, इथल्या उन्हानं पेट्रोल वाफ होऊन उडतं, टाकीवर ओलं पोतं टाका. अप्पांनी टाकी झाळणाऱ्याकडून तपासून घेतली, ओलं पोतंही टाकलं. टाकी बैठकीखाली असल्यामुळं धोंडीरामचा कोट मागून ओला होऊ लागला, यापलीकडं काही झालं नाही.

मग पंचाक्षरी मिस्त्री आला. हा कमी बोलणारा माणूस. त्यानं चारी चाकं उचलून हातानं फिरवून पाहिली, कुठं ब्रेक घासत नव्हता. चाकांत हवा भरली, प्लग घासले, कार्बोरेटर खोलून फुंकला. शेवटी धोंडीरामला घरी बसवून स्वतः लॉरी अक्कलकोटला नेली, पोती भरून परत आणली आणि हात पुसत म्हणाला, "दोन डबे. मशीन चोख हाय."

एवढं बोलून तो गेला. पण दुकानाच्या ओट्यावर जमलेल्या मंडळींना तेवढं पुरेसं होतं. मिस्त्रीच्या हातात दोन डबे आणि धोंडीरामच्या हातात तीन, मग तिसरा डबा जातो कुठं? सराफानं नुसतं खाकरून दाखवलं. वीरभद्रप्पा तापट माणूस, भरल्या बाजारात कुणी आपल्याला भोळा समजलेलं त्यांना खपत नसे. धोंडीराम पोती मोजत उभा होता, त्याच्यासमोरच ते कडाडले, "माझं पेट्रोल कुणाच्या घरात चाललंय ते कळलं मला! चोर पोसलाय मी!"

धोंडीरामच्या हातातली सुतळी खाली पडली. "अप्पा, बारा वर्सांत तुमच्या पोत्यातला एक दाणा तोंडात टाकला न्हाय म्या."

"उद्या मी सोतः बसतोय लॉरीत. तिसरा डबा लागला तर परवापासून या ओट्यावर पाय ठिवू नकोस."

धोंडीराम मान खाली घालून गेला. पेठेत एकदा चोर म्हणवलेल्या माणसाला दुसरा कुणी कामावर ठेवत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि अप्पांनाही ठाऊक होतं.

जेवताना अप्पांच्या बायकोनं, कमलम्मांनी, भाकरी वाढता वाढता तोंड उघडलं. "एन्री, अहो, बारा वर्षं ज्याच्या हाती गल्ल्याची किल्ली देऊन गावाला गेलात, तो डबाभर पेट्रोलसाठी इमान सोडील? आणि करील काय त्याचं, आमटीला फोडणी देईल?"

अप्पांना ते पटलं. पण बाजारात शब्द गेला होता.

सकाळी रोजच्यासारखा शेजारच्या तालमीतला येडू पैलवान आला आणि त्यानं पुढं वाकून लॉरीचं हँडल एका हिसक्यात फिरवलं. लॉरी सुरू झाली की निघेपर्यंत घटकाभर दारात धडधडत राही. खरं सांगायचं तर हा आवाज अप्पांचा जीव की प्राण होता. त्यापुढं सराफाला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि हे पाहायला अप्पा मुद्दाम ओट्यावर येऊन बसत. त्या दिवशी मात्र ते सरळ बैठकीवर चढले. हातात वेळूची काडी होती आणि तिच्यावर चाकूनं खुणा केल्या होत्या. टाकीत बुडवायची, किती ओली झाली ते बघायचं आणि पुन्हा टाकीवरच बूड टेकून बसायचं, असा त्यांचा बेत होता.

वाटेत कुंभारीला धोंडीराम चहाला उतरला, अप्पा उतरले नाहीत. त्यानं कपबशी वर आणून दिली ती त्यांनी बसल्या जागी प्यायली. अक्कलकोटच्या अडतीवर पोती भरायला दोन तास लागले. हमाल घामाघूम झाले, धोंडीराम लिंबाखाली जाऊन बसला, आणि अप्पा त्या तापल्या, थरथरत्या बैठकीवर पहाऱ्याला बसून राहिले. फेट्यातून घाम कानात उतरत होता. पण चोरी पकडायची म्हटल्यावर एवढं सोसावंच लागतं, असं ते स्वतःला बजावत होते.

पोती भरून झाली. अप्पांनी बैठक उचलली, काडी बुडवली आणि बघतच राहिले. आल्या आल्या मोजलं होतं त्याहून पेट्रोल दोन बोटं खाली गेलं होतं.

"शिवा शिवा!" त्यांनी काडी पुसून पुन्हा बुडवली. तेवढंच. कुणी हात लावला नव्हता, लॉरी वीतभर हलली नव्हती. स्वतः मालक टाकीवर बसलेला असताना त्याच्या बुडाखालून पेट्रोल गेलं होतं. क्षणभर त्यांना भुताखेतांचाही संशय आला. मग काडी धरलेला हात इंजिनाबरोबर थरथरतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"धोंडीराम! ही बंद का करत न्हाईस तू?"

"कशाला बंद करायची, अप्पा? चाक कुटं फिरतंय? उबी मोटार काय खाणार हाय?"

त्यानं हे इतक्या भाबडेपणानं विचारलं की अप्पांचा राग जागच्या जागी बसला. चाक फिरलं की पेट्रोल जळतं, एवढंच त्या गाडीवानाला कळलं होतं, आणि त्याच्या मालकालाही आत्ताआत्तापर्यंत तेवढंच कळत होतं. अडतीवर दोन तास, जकात नाक्याच्या रांगेत तास, चहाला, जेवणाला, आणि स्वतःच्या दारातल्या त्या दिमाखाला.

"हीच खातीया तिसरा डबा! बंद कर आधी."

धोंडीरामचा चेहरा उतरला. "अप्पा, नगं. पुन्ना सुरू न्हाई व्हायची."

"न होयाला काय झालं? मी करतो की!" अप्पांनी स्वतःच खटका दाबून इंजिन बंद केलं, खाली उडी मारली, धोतर खोचलं आणि येडू धरतो तसं हँडल धरून जोर लावला.

हँडल अर्धं फिरलं आणि उलटं आलं. अप्पा कुठं पडले ते त्यांना स्वतःलाच आधी समजलं नाही. ते शेंगांच्या टरफलांत बसले होते, फेटा चार हात लांब होता आणि उजवं मनगट बघता बघता सुजत चाललं होतं. हमाल हसू दाबायला पोत्यांमागं गेले.

धोंडीराम मात्र हसला नाही. त्यानं धावत येऊन अप्पांचा हात अलगद धरला आणि बोटांनी हाड चाचपलं. "मोडलं न्हाई. माजंबी असंच झालं हुतं." त्यानं खाकी कोटाची बाही वर सारली. मनगटावर अजून गाठ होती.

"कधी?"

"पैल्याच आटवड्यात. तवापासनं हँडलला हात लावायचं धाडस होईना. सकाळी येडू मारतो, मंग रातीपतुर बंदच करत न्हाई."

"मग बोलला का न्हाईस, येड्या?"

"बैल तर तुमी इकले, अप्पा. गाडीवानाला मोटार झेपंना म्हटल्यावर मला कुटं ठेवला असता?"

काल हाच माणूस भर बाजारात मान खाली घालून गेला होता आणि त्याला वाचवायला 'हँडल झेपत नाही' एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते त्याच्या तोंडून निघालं नाही, कारण मालक कसा आहे ते तो बारा वर्षं ओळखून होता. मनगटापेक्षा अप्पांना हेच जास्त दुखलं.

हमालांनी लॉरी उतारावर ढकलून सुरू करून दिली. परतीच्या वाटेवर मालक आणि नोकर दोघंही एकेक मनगट सांभाळत बसले होते. कुंभारी आली. धोंडीरामनं विचारलं, "चहा?" अप्पा म्हणाले, "आज नगं, ही बंद करावी लागंल." आणि मग दोघांनाही हसू आवरेना.

नवी पेठेत तमाशा बघायला मंडळी जमलेलीच होती. सराफ पुढं होता, कापडवाला त्याच्या खांद्यावरून डोकावत होता, आणि मिस्त्रीही आला होता. अप्पा फेट्याच्या झोळीत हात घेऊन उतरले तसा सगळ्यांचा एकच गलका झाला.

"अप्पा, हात? मारामारी झाली का काय?"

अप्पांनी तोंड उघडायच्या आत धोंडीराम पुढं झाला. "अडतीच्या पायरीवरनं पाय घसरला मालकांचा," तो म्हणाला. मालकाची फजिती बाजारात जाऊ नये म्हणून तो खोटं बोलत होता. काल ज्यांच्यासमोर चोर ठरला, त्यांच्याच समोर.

पायरीची गोष्ट चांगली होती, लोकांना पटलीही असती.

"खोटं बोलतोय त्यो," अप्पा ओट्यावर चढून म्हणाले. "हँडल मारायला गेलो आन् तोंडावर आपटलो. लॉरी दिवसभर उभ्या उभ्या जळत हुती, तीच खात हुती तिसरा डबा. माझ्या दारात तर माझ्याच हौसेपायी जळत हुती. धोंडीरामनं एक थेंब घेतला न्हाई. त्याचं नाव तेवढं गेलं, आन् ते मी घालवलं. काल जेवढ्यांनी ऐकलं तेवढ्यांनी आजबी नीट ऐका."

कुणी खाकरलं नाही. मिस्त्री पुढं आला आणि स्टिअरिंगच्या चाकाखालचा एक लहानसा दांडा वर सारून दाखवू लागला. "हँडल मारायच्या आधी ह्यो वर करायचा, मंग हँडल उलटं येत न्हाई, आन् अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. मला कुणी विचारलंच न्हाई."

धोंडीरामनं लॉरी बंद केली. डाव्या हाताचा अंगठा बोटांशेजारी दाबून त्यानं हँडल धरलं, डोळे मिटले आणि ओढलं. लॉरी सुरू झाली. त्यानं ती लगेच बंद केली आणि पुन्हा सुरू केली. मग तिसऱ्यांदा. पेठेतली पोरं ओरडू लागली, येडू पैलवान तालमीच्या दारातून टाळ्या पिटू लागला, आणि धोंडीराम बाहीनं डोळे पुसत चौथ्यांदा वाकला.

"अरे पुरं की आता," अप्पा म्हणाले, पण त्यांनी त्याला थांबवलं नाही.