चांदीपूरचं पाणी

मी पितळेचा तांब्या, फिरकीच्या झाकणाचा. भंडाऱ्यात घडलो. ठोके खाऊन आकाराला आलो, म्हणून लाडीगोडी जमत नाही. सांगतो ते सरळ.

महाल पेठेतल्या रुपरावांनी मला प्रवासासाठी घेतलं. ते लाकडाच्या टालावर मुकादम. अडुसष्ट साली मालकाने त्यांना माल पाहायला ओरिसात, बालासोरला पाठवलं.

निघताना त्यांची बायको वच्छला बाजेवरून म्हणाली, "अजी, तिथून समुद्र जवळ हाय म्हणते. माह्यासाठी तांब्याभर पाणी आणजा. गुडघे तं मले जाऊ देत नाही. डोळ्यानं नाही तं जिभेनं पाहीन."

"आणतो न वं."

हावडा मेलने रायपूर, बिलासपूर, टाटानगर करत खरगपूर. तिथे गाडी बदलून खाली बालासोर. काम आटोपल्यावर मोटारीने पाच कोस चांदीपूर. वाटेत भाताची खाचरं, शेवटी सुरूची झाडं. झाडांपलीकडे समुद्र नव्हता. नजर पोचेल तिथवर ओली वाळू आणि कलंडलेल्या होड्या.

जाळं सांधत बसलेल्या म्हाताऱ्याला रुपरावांनी विचारलं, "आटला काय गा समुद्र?"

विदर्भातल्या माणसाने उन्हाळ्यात आटणारं पाणीच पाहिलेलं. म्हाताऱ्याला भाषा कळली नाही. तो हसला आणि हाताने बसायची खूण केली. रुपरावांना तेवढं हसणं दिसलं. तडक माघारी फिरले.

बालासोर स्टेशनच्या नळावर त्यांनी मला भरलं, शिदोरीतलं मीठ टाकलं आणि झाकण घट्ट फिरवलं.

घरी वच्छलाने बोट बुडवून जिभेला लावलं. मग डोळे मिटूनच म्हणाली, "लाटा कशा येते, सांगा न."

"येते. मोठ्या येते."

ती रोज विचारायची. रुपराव तिच्या बाजेजवळ बसायचे बंद झाले. मला फळीवर ठेवलं. तिने मला पुन्हा उघडू दिलं नाही, पाणी सरेल म्हणून.

चार वर्षांनी रेल्वेतले शेजारी मनोहरराव ओट्यावर सांगत होते, "चांदीपूरचा समुद्र दिवसातून दोनदा मैलमैल मागे जाते. काही तास थांबलं का आपल्या पायाशी येते."

आत वच्छला ऐकत होती. रुपराव घरात आले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "थांबले नाही न तुम्ही?"

ती पुढच्या उन्हाळ्यात गेली.

आता ब्याऐंशी साल. म्हातारे रुपराव मला चिंचेने घासतात, फक्त बाहेरून. आत कल्हई गेली, हिरवा कळंक चढला. झाकण उघडायचा धीर त्यांना होत नाही. आम्ही दोघंच असतो घरात.

कोणी तिकडे जाणार असाल, तर मला न्या. वाळूच दिसली तर वाळूवर बसा. पाणी पायाशी आलं, की माझं झाकण उघडा आणि आतलं आधी ओतून टाका.