हात लावू नये

मित्रांनो, मी एक जुनी बिल्ड स्क्रिप्ट आहे. वर्तकनगरच्या एका छोट्या ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पोटात राहते. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर. त्याने काम कसं करायचं, याच्या सूचना मी देते. त्यांना फ्लॅग म्हणतात. मी दिसायला किरकोळ, पण माझ्या शब्दाबाहेर तो जात नाही.

बारा वर्षांपूर्वी प्रभाकर सरांनी मला लिहिलं. तेव्हा मी जेमतेम नऊ ओळींची होते आणि सरांना माझं कोण कौतुक! कंपायलर मात्र भारी कुरकुऱ्या. सरांच्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी त्याने ‘इथे गडबड होईल’ असे दोनशे इशारे दिले. सर घाईत होते. त्यांनी मला एक फ्लॅग चिकटवला, ‘इशारे दाखवू नकोस’, आणि शेजारी लिहिलं, ‘आजच्यापुरतं. हात लावू नये. – प्रभाकर.’

बहिणीचा मुलगा आता पाचवीत आहे. दर दसऱ्याला आमच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते, पण सरांच्या नावाच्या त्या ओळीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

गेल्या शनिवारी शहाडहून फोन आला. तिथल्या एका सोसायटीचा पंप आमच्या प्रोग्रॅमवर चालतो. तो थांबेचना. नवी मोठी टाकी भरून वाहिली आणि तिथे राहणाऱ्या विमलाबाईंचे गच्चीवर वाळत घातलेले पापड थेट पार्किंगमध्ये उतरले.

सर रुचितावर उखडले. ती दोन महिन्यांपूर्वीच नोकरीला लागलेली. “तूच काहीतरी घोळ घातला असणार. संध्याकाळपर्यंत शोध, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

रुचिताने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. त्या ओळीपाशी थांबली. आणि तिने चक्क हात लावला! फ्लॅग गेला, कंपायलरला कंठ फुटला. एक हजार नऊशे चाळीस इशारे! त्यातला एक पंपाचा होता: पाण्याच्या पातळीचा मोठा आकडा दिलेल्या जागेत मावणार नाही. म्हणून तर आकडा पुन्हा शून्यावर येत होता आणि भरलेली टाकी पंपाला रिकामी दिसत होती.

“सर, जरा बघता का?”

सरांनी चष्मा पुसला. “अगं, ही ओळ तर मीच लिहिलेली.”

“हो सर. कंपायलर तेव्हापासून सांगत होता.”

सर म्हणाले, “चूक माझी. तू उद्या ये.”

“उद्या रविवार आहे, सर.”

“मग सोमवारी ये. उद्या मी शहाडला जातो, पापड घेऊन.”

मलाही लाज वाटली, मित्रांनो. कंपायलरचं तोंड मीच तर दाबून धरलं होतं. म्हणून विनवते, कुरकुर करणाऱ्याला गप्प करायला मला सांगत जाऊ नका. मी फार आज्ञाधारक आहे. आजच्यापुरतं म्हणालात, तरी बारा वर्षं करत बसेन.