बुबुळाएवढी जागा

खण्ण... मोरीत वाटीवरून वाटी घसरली. इंद्रायणीच्या ब्रशच्या टोकावरचा काळा थेंब थरथरला, पण पडला नाही. श्वास धरून तिनं पलंगाकडे पाहिलं. वैदेही कूस बदलून पुन्हा निजली. अंगठा ओठांशी, पण तोंडात नाही — चार वर्षांची झाल्यापासून तिला झोपेतसुद्धा त्याची लाज वाटते. अजून थोडा वेळ मिळेल, नशीब असेल तर.

कागदावर जपानी बाई डोळ्यांवाचून बसली होती. लाकडी ठशानं छापलेलं जुनं चित्र मोबाइलवर उघडून साखरेच्या डब्याला टेकवलेलं. त्यावरून इंद्रायणी जलरंगात हात बसवत होती. अंबाडा झाला, मानेवरची बट झाली. चेहऱ्याला मात्र रंग लावायचाच नव्हता. कोरा कागद हाच तिचा गोरेपणा. चहूकडून रंगवत यायचं आणि मधल्या जागेला हात लावायचा नाही...

हा जाड कागद, हे ब्रश सुबोधनं आणलेले. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. "दुपारी तुझं तू काढत बस," म्हणाला. लग्नानंतर इतक्या वर्षांनी, आत्ताच कसं सुचलं? तेव्हा ती नुसती हरखली होती. आणि मग परवा शेजारच्या अंबुबाई, दारातूनच — "तुमचे साहेब दुपारी नवी पेठेत दिसले की. लई घाईत हुते. हाक मारली तर वळलेबी न्हाईत."

सकाळी चिंचोळीच्या कारखान्यात गेलेला माणूस दुपारी नवी पेठेच्या बाजारात?

"बँकेचं काम होतं त्यांचं," इंद्रायणी म्हणाली होती. पटकन, सफाईनं, जणू तयारीच होती. नोकरी गेली असेल? की कोणी आहे? एका वाक्यात विचारून मोकळं होता येईल. पण उत्तर आलं की या दुपारी जातील, आणि संध्याकाळी वैदूला पाठीवर घेऊन त्याचं घरभर रांगणं — तेही मग तसंच दिसणार नाही. न विचारता सगळं शाबूत होतं.

तिनं एक बुबुळ टेकवलं. मग दुसरं. मागे सरून पाहिलं आणि चरकली. मूळ बाई कुठेच बघत नाही. तिची बुबुळं पापणीखाली अर्धी बुडालेली, आपल्यातच. हिची केसभर बाजूला गेली, तर ही चक्क दाराआडचं बोलणं चोरून ऐकत असल्यासारखी दिसत होती. ओल्या ब्रशनं रंग उचलला, फडक्यानं टिपला... तरी डोळ्याखाली राखाडी डाग राहिलाच.

मोबाइल थरथरला, जपानी बाई गेली, सुबोधचं नाव आलं.

"अहो, जेवलात?"

"केव्हाच. तुझी जपानी मावशी कुठवर आली?"

"डोळे बिघडले."

"तिरळी केलीस? राहू दे, भाव जास्त येईल."

ती हसली. हसता हसता तिनं त्याच्या आवाजामागे कान लावला. यंत्रांची घरघर नव्हती. कुणीतरी म्हणत होतं, "ताई, रंग जाणार नाही, गॅरंटी."

"कुठे आहात?"

तो थांबला... की तिलाच तसं वाटलं? "कंपनीत. कुठे असणार?"

"नाही, सहज. लवकर या, भजी करते."

फोन ठेवला तरी ओठ ताणलेलेच होते. गालांना रग लागली तेव्हा कळलं. विचारलं तर खरं मी — पण त्याला खोटं बोलायला जागा ठेवून. वर भजीही कबूल केली. मग फसवतंय कोण — एकटा तोच?

पलंगावर वैदेही उठून बसली होती. केव्हापासून, कोण जाणे. पापणी न हलवता ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"बाबांचा फोन होता?"

"हो गं राणी."

वैदेही रांगत जवळ आली. उशीचे वळ उमटलेला गाल आईच्या दंडाला घासला, मग बोटानं तिच्या ओठाचा कोपरा हळूच खाली ओढला.

"आई, बाबांशी बोलताना तू खोटं खोटं का हसतेस?"