नावातली नदी

"हा फलक मी लावणार नाही, साहेब."

शिडीवर चढलेल्या मामांनी नवा कोरा फलक परत खाली दिला. त्यावर ठसठशीत अक्षरं होती: हिप्पो. प्राणिसंग्रहालयातल्या या एकाच जनावराची, म्हातारीची, मामा एकवीस वर्षं उस्तवार करत होते.

साहेब नवे होते आणि त्यांना सगळंच नवं हवं होतं. "लोकांच्या तोंडी हेच नाव आहे. काय वाईट आहे त्यात?"

"पुरं नाव हिप्पोपोटॅमस. ग्रीक लोकांच्या भाषेत हिप्पोस म्हणजे घोडा, पोटामोस म्हणजे नदी. नदीतला घोडा. माझी लेक शाळेत शिकवते, तिनं पुस्तकात दाखवलं. तुम्ही घोडा तेवढा ठेवलात, नदी कापलीत."

"मामा, फलकाचं बोला!"

"फलकाचंच बोलतोय. हौदातलं पाणीसुद्धा तुम्हीच कापलंत ना?"

खरं दुखणं हे होतं. हौद गुडघाभरच भरायचा, असा साहेबांचा महिन्यापूर्वीचा हुकूम. म्हातारीची पाठ दिवसभर उन्हात उघडी, कातडीला भेगा पडलेल्या. मामा बादल्या ओतून थकले होते. त्यांचे तिन्ही अर्ज केराच्या टोपलीत गेले होते.

मामा शिडीवरून उतरले आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत हौदाचा नळ पुरता सोडला.

दुसऱ्या दिवशी त्यांची बदली फाटकावर झाली, तिकिटं फाडायला. हौदाकडे फिरकायचं नाही, अशी तंबी. मामांच्या जिवाला ते फार लागलं, पण गप्प बसतील तर ते मामा कसले? तिकीट फाडताना प्रत्येकाला ते सांगू लागले, "हिप्पो म्हणजे नुसता घोडा बरं का. पुऱ्या नावात नदी आहे. ती कुठं गेली, साहेबांना विचारा. डावीकडची खोली."

लोक विचारू लागले. आधी गंमत म्हणून, मग भेगा पाहून चिडून. एक आजीबाई तर उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून हलेचनात.

साहेब तणतणत फाटकावर आले. "मामा, तोंड आवरा!"

"तिकिटं फाडायला सांगितलंत, साहेब. तोंड शिवायला नाही."

अकराव्या दिवशी दुपारी पंपाची घरघर सुरू झाली, ती थांबेचना. संध्याकाळी भिंतीपलीकडून एक लांबलचक फुसकारा ऐकू आला. पाण्यात पूर्ण बुडून वर आली की म्हातारी असाच श्वास सोडायची.

फाटकावरून ती दिसत नव्हती. मामांनी डोळे पुसले आणि पुढचं तिकीट फाडलं.

"जा आत," ते म्हणाले. "नदी आहे."