उत्तरेच्या झरोक्यातलं ऊन

प्रार्थनागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. छताच्या उत्तरेकडच्या झरोक्यातून एक झगझगीत कवडसा उतरला होता आणि पुढे बसलेल्या लहान मुलीच्या कपाळावर खिळला होता.

"हलतोय का उजेड?" तेजोबाबांनी माइकवरून विचारलं.

"नाही," सगळे पुटपुटले.

"हलेल कसा? त्याने पोरीला धरलंय. आता सुई नको, बाटली नको. तिच्या रक्तातली साखर उजेडच पिऊन टाकेल."

मुलीची मावशी धापा टाकत आत आली. ती आर्किटेक्ट होती. ही इमारत तिनेच आखली होती. पण आत्ता तिला फक्त भाचीची एका बाजूला कललेली मान दिसत होती. बाबांच्या सांगण्यावरून ताईने कालपासून लेकीचं इन्सुलिन बंद केलं होतं.

ती गर्दीतून वाट काढत जवळ जाऊन वाकली. पोरीच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत होता; साखर हाताबाहेर गेल्याची ती खूण होती.

"ताई, ऊठ. दवाखान्यात चल."

"गप्प बस गं. मधेच उठलं तर सगळं फुकट जाईल."

"अगं, तिची शुद्ध हरपत चाललीय."

"समाधी लागलीय तिला. तुला जिथेतिथे खोटच दिसते."

आजूबाजूचे डोळे वटारून बघायला लागले. पोरीला ओढून नेऊ दिलं नसतं कुणी. मावशीने वर पाहिलं आणि तिथेच ती थबकली. नकाशावर या झरोक्याशेजारी तिनेच लिहिलं होतं : 'उजेड येईल, ऊन येणार नाही.' आत्ता हिवाळा होता, सूर्य दक्षिणेकडून जात होता. उत्तरेकडून आत यायचा तो नुसता आभाळाचा मऊ उजेड. हे तर लख्ख ऊन होतं. शिवाय ऊन कधी एका जागी थांबत नाही.

मागच्या लोखंडी जिन्याने ती गच्चीवर धावली. झरोक्यासमोर, पाण्याच्या टाकीआड, बाबांचा शिष्य कपाटाच्या दाराएवढा आरसा धरून बसला होता. सूर्य सरकेल तसा तोही आरसा केसभर फिरवत होता.

"बाई, इथे यायला मनाई आहे."

"मग तुम्ही कसे आलात?" म्हणत तिने ओढणी आरशावर टाकली.

खालून माइक खरखरला. "कुणीतरी शंका घेतली! उजेड रुसला. शंका सोडा."

तिने ओढणी उचलली.

"बघा, सोडली," खालून बाबा म्हणाले.

तिने पुन्हा टाकली.

"पुन्हा घेतली कुणीतरी," बाबा चिडून म्हणाले. खाली कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग तिने आरशाची कड धरली. काच फुटेल या भीतीने शिष्याने हात काढले.

"ताई," ती झरोक्यातून ओरडली, "हा आरसा आहे. आता ऊन बाबांच्या डोक्यावर नेते, बघ."

कवडसा बाबांच्या डोक्यावर गेला.

"आता दाराजवळच्या चपलांवर."

तो चपलांवर जाऊन बसला.

"चपलांची साखर उतरली वाटतं," एक म्हातारा म्हणाला.

"उठू नकोस," बाबांनी ताईला दटावलं. "पोर हातची जाईल."

ताईने पोरीला खांद्यावर टाकलं. "म्हणूनच उठतेय. सरका सगळे."

दवाखान्यात सलाईनमधून इन्सुलिन सुरू झालं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं." दुसऱ्या दिवशी मुलीने डोळे उघडून आईकडे पाणी मागितलं. खिडकीतून आलेलं ऊन तेवढ्यात पलंगावरून भिंतीवर सरकलं होतं. ताई ते बघत राहिली.

प्रार्थनागृहात उजेड जरूर असावा. मन शांत होतं. पण कुणी तो दाखवून औषध सोडायला सांगितलं, तर आधी सूर्य कुठे आहे ते बघावं. हात नंतरही जोडता येतात.