पायरी तीनला

मुलांनो, एक मोठं गोल घड्याळ डोळ्यांसमोर आणा. आता ते जमिनीवर आडवं ठेवा आणि त्याच्या मधोमध स्वतः उभे राहा. तोंडासमोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागे सहा, डाव्या हाताला नऊ. जमलं? मग तुम्हाला टिकलीच्या मामाला रस्ता दाखवता येईल.

टिकली दहा वर्षांची. मामा घड्याळजी. चार वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक राखाडी डाग आला आणि तो काही हटेना. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं नाही. "मला माणसांचे कान दिसतात, तोंडं दिसत नाहीत," मामा म्हणायचा. "काहींच्या बाबतीत सुटलोच म्हणायचं!"

घड्याळाची ही भाषा त्यानेच घरात आणली. पाण्याचा पेला दोनला, दाराची कडी दहाला. टिकली ती इतकी सफाईने बोलायची, की थीम पार्कला जायचं ठरलं तेव्हा मामा म्हणाला, "मला दुसरं कोणी नको. टिकली बास."

मामाला तिथे एकच गोष्ट हवी होती. गुहेतली होडी. "आत मिट्ट काळोख असतो म्हणे. तिथे सगळ्यांना माझ्याएवढंच दिसणार. एकदा तरी बरोबरीत बसू दे की मला."

पण आधी आकाशपाळणा लागला. आईला पाळणा नुसता बघूनच गरगरायचं, म्हणून ती पिशव्या घेऊन बाकावर बसली. मामा-भाची वर जाऊन आले. पाळणा थांबला, टिकली टुणकन खाली उतरली आणि वळून मामाकडे तोंड करून उभी राहिली. पायरी तिच्या उजव्या हाताला होती.

"मामा, पायरी तीनला!"

मामाने चाचपून पाहिलं नाही. टिकलीने सांगितलं म्हणजे झालं. त्याने आपल्या उजवीकडे पाय टाकला. तिथे पायरी नव्हती.

तो कोसळला तेव्हा मोठा आवाज झाला असणार, कारण आजूबाजूची माणसं धावली. टिकलीला तो ऐकूच आला नाही. मामाच्या नडगीतून रक्त येत होतं, कोणीतरी पाण्याची बाटली उघडत होतं, आई पिशव्या तिथेच टाकून आली होती.

"एवढंसं काम सांगितलं होतं तुला! लक्ष कुठे होतं?"

टिकलीला रडूही आलं नाही. अंगावर ओली गोधडी टाकावी तसं झालं होतं. आपले हात कुठे आहेत, तेही तिला बघून ठरवावं लागलं.

नडगीला पट्टी बांधून झाल्यावर मामा बाकावर बसला. "ताई, तिला बोलू नकोस. तिचं तीन बरोबर होतं. फक्त माझं तोंड तिच्याकडे होतं. तिचं तीन ते माझं नऊ." मग टिकलीच्या दिशेने मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तो बघू लागला. "घड्याळ मागून उघडलं की असंच उलटं होतं गं. शिकाऊ होतो तेव्हा मीही हा घोळ घातलाय. मालकाने कान पिळला होता. तुझा पिळू?"

टिकलीला हसू आलं नाही. तिला सगळं कळलं होतं. पण कळल्याने आत काही हललं नाही.

"घरी चला आता," आई म्हणाली.

"होडीचं काय?"

"लंगडतोयस तू!"

"होडीत बसायचंच असतं, पळायचं नसतं."

लंगडत लंगडत ते गुहेपाशी पोचले. काठावरच्या माणसाने मामाची पट्टी पाहिली, तिरकी मान पाहिली. "काका, दिसतं का तुम्हाला? खाली तीन पायऱ्या आहेत, ओल्या आहेत. सांगणारं कोणी बरोबर असेल तरच सोडतो. नाहीतर माफ करा."

मामा आईकडे वळला. आईने पाण्यात डुलणारी होडी पाहिली आणि मान हलवली. "मला नाही जमायचं रे. पोटात ढवळतं."

मामाने टिकलीचं नाव घेतलं नाही. मागची माणसं चुळबुळ करू लागली. "काका, बाजूला होता का जरा?" काठावरचा माणूस हळूच म्हणाला, आणि मामा बाजूला व्हायला लागलाही.

टिकलीला तेव्हा धीर आला का? नाही. भीती तरी गेली का? तीही कुठे आहे, तिला सापडत नव्हती. ती नुसती पुढे झाली. "मी सांगणार," ती त्या माणसाला म्हणाली. मग मामाच्या पुढ्यात जाऊन तिने त्याच्याकडे पाठ केली, तो बघत होता तिकडेच तोंड करून उभी राहिली, त्याचा हात ओढून आपल्या खांद्यावर ठेवला आणि पहिल्या ओल्या पायरीवर स्वतःचा पाय टाकला.